आकाशांतील शब्दप्रमाण

घरांतून बाहेर पडतांना ‘येतों’ म्हणावें, कोठें जात आहों तें सांगावें, परतण्यास उशीर होणार असेल तर तसा निरोप धाडावा, ही आपल्याकडील जुनी शिस्त आहे. वीसपंचवीस माणसांच्या कुटुंबांत ती कोणीं पाळली नाहीं म्हणजे रात्रीं पानें कितींचीं मांडावयाचीं येथपासून घोटाळा सुरू होतो. परंतु या घोटाळ्यानें फार तर एखाद्यास थंड भात खावा लागतो. हीच शिस्त मोडली असतां शेंकडों माणसें क्षणार्धांत प्राणांस मुकतात असेंही एक ठिकाण आहे, व तें आपल्या सर्वांच्या डोक्यावर आहे. आकाशांत फिरणारीं विमानें आपला ठावठिकाणा जमिनीवरील केंद्रांस आणि एकमेकांस कशीं कळवितात, या विषयावर या खेपेस लिहावें असें आम्हीं योजिलें आहे.

विषय प्रथमदर्शनीं रूक्ष वाटेल. पण तो आतां परक्याचा राहिलेला नाहीं. ज्या घरांतील एकही माणूस समुद्रापलीकडे नाहीं असें घर आमच्या वाचकवर्गांत शोधूनच काढावें लागेल. मुलगा परदेशीं निघाला कीं त्याचें विमान मोबाइलच्या नकाशावर इवल्याशा चिन्हाच्या रूपानें सरकतांना घरांतील लहानथोर पाहत बसतात. एका वाचक भगिनीनें आम्हांस लिहिलें आहे कीं, त्यांचे धाकटे दीर मुंबईहून निघाले असतां अरबी समुद्रावर तें चिन्ह एकाएकीं नाहींसें झालें, आणि सासूबाई पहाटेपर्यंत देवापुढें समई लावून बसून राहिल्या. विमान सुखरूप पोहोंचलें. पण चिन्ह कां गेलें हें घरांतील शिकल्यासवरलेल्या माणसांसही सांगतां आलें नाहीं. त्या प्रश्नाचें उत्तर ओघानें येईलच. तत्पूर्वीं मुळापासून सुरुवात करणें बरें.

न्यायशास्त्रांत ज्ञानाचीं चार साधनें मानिलीं आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. डोळ्यांनीं पाहिलें तें प्रत्यक्ष. धूर पाहून अग्नि ताडला तें अनुमान. जाणत्या व विश्वासू माणसानें सांगितलें म्हणून मानिलें तें शब्द. उपमानाचें येथें आपणांस काम नाहीं. उरलेल्या तिहींचा उपयोग विमानविद्येंत कसकसा होत गेला हें पाहिलें म्हणजे सारा विषय हातीं येतो. आणि यांपैकीं एकाच साधनावर भिस्त ठेविली असतां काय अनर्थ ओढवतो हेंही कळतें.

प्रथम होता तो तोंडचा शब्द. वैमानिक ठराविक ठिकाणावर आला कीं बिनतारी यंत्रावरून आपली जागा, वेळ व उंची कळवी. जमिनीवरील माणूस ती कागदाच्या पट्टीवर टिपून घेई, आणि विमान पुढील ठिकाणीं केव्हां पोहोंचेल याचा हिशेब करी. स्टेशनमास्तरानें पुढल्या स्टेशनास तार करावी तशांतलाच हा प्रकार. पण आगगाडी रुळांवरून जाते. आकाशांत रूळ नाहींत. ३० जून १९५६ रोजीं अमेरिकेंतील ग्रँड कॅन्यन या प्रचंड दरीवर दोन प्रवासी विमानें एकमेकांवर आदळलीं आणि दोहोंतील सर्वच्या सर्व १२८ माणसें मरण पावलीं. आपापले निरोप दोघांनींही दिलेले होते. परंतु दोन्ही विमानें एकाच वेळीं एकाच जागीं येत आहेत हें पाहणारा डोळा त्या भागांत नव्हता. या आघातानंतर १९५८ सालीं अमेरिकेंत कायदा होऊन विमानांच्या वाहतुकीसाठीं एकच मध्यवर्ती खातें निर्माण झालें आणि रडारचें जाळें झपाट्यानें पसरूं लागलें.

रडार हें प्रत्यक्षप्रमाण होय. डोंगरापुढें उभें राहून हांक मारिली कीं प्रतिध्वनि परत येतो, व तो येण्यास लागलेल्या वेळावरून डोंगर किती दूर आहे हें सांगतां येतें. रडार हाच खेळ बिनतारी लहरींशीं खेळतें. ती लहर विमानाच्या धातूवर आपटून परत येते आणि पडद्यावर ठिपका उमटतो. रॉबर्ट वॉटसन-वॉट या शास्त्रज्ञानें १९३५ सालच्या फेब्रुवारींत इंग्लंडांतील डॅव्हेंट्री येथें या कल्पनेचा प्रयोग करून दाखविला, आणि पुढील महायुद्धांत या विद्येनें इंग्लंडचें रक्षण केलें. या साधनाचा मोठा गुण असा कीं, विमानाची इच्छा असो वा नसो, तें दिसतेंच. परंतु दोषही तितकाच मोठा. ठिपका मुका असतो. तो आपलें नांव सांगत नाहीं, आणि विमानें हांकण्यासाठीं सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या रडारला त्याची उंचीही कळत नाहीं. गच्चीवरून खालीं पाहिल्यास रस्त्यावर दोन पागोटीं जवळ येत आहेत असें दिसावें, पण एक माणूस रस्त्यावर आहे कीं पुलावर हें उमगूं नये, तसें होतें.

यावर उपाय निघाला तोही युद्धांतूनच. आकाशांतील ठिपका आपला कीं शत्रूचा हें ओळखण्यासाठीं आपल्या विमानांवर एक उत्तर देणारें यंत्र बसविण्यांत आलें. त्यासच पुढें ट्रान्स्पाँडर हें नांव पडलें. जमिनीवरील रडार १०३० मेगाहर्ट्झ या लहरीवर प्रश्न विचारतें, आणि विमान १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतें. आम्हीं जन्मभर वर्गांत हजेरी घेतली. हीही हजेरीच आहे. पहिला प्रश्न ‘तूं कोण?’, दुसरा ‘तुझी उंची किती?’. पहिल्याचें उत्तर चार अंकी असतें. त्यांतील प्रत्येक अंक ० ते ७ यांपैकींच असल्यामुळें असे एकंदर ४,०९६ क्रमांक होतात. कांहीं क्रमांक संकटासाठीं राखून ठेविले आहेत : ७५०० म्हणजे विमान कोणी बळजबरीनें ताब्यांत घेतलें आहे, ७६०० म्हणजे बोलण्याचें यंत्र बंद पडलें आहे, ७७०० म्हणजे इतर प्राणसंकट. येथें मुका ठिपका बोलका झाला. प्रत्यक्षास शब्दाची जोड मिळाली.

ही जोड नसली म्हणजे काय होतें हें आपल्या देशानें फार मोठी किंमत देऊन पाहिलेलें आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजीं सायंकाळीं सौदी अरेबियाचें एक बोइंग विमान ३१२ माणसांसह दिल्लीहून निघालें; त्यांत पोटासाठीं आखाती देशांत निघालेले अनेक भारतीय होते. त्याच सुमारास कझाकस्तानचें एक विमान ३७ माणसांसह दिल्लीस उतरण्यासाठीं येत होतें. दिल्लीच्या आसपासच्या आकाशाचा पुष्कळसा भाग हवाई दलाकडे असल्यामुळें जाणाऱ्या व येणाऱ्या विमानांस एकाच वाटेनें जावें लागे. जाणाऱ्यास १४,००० फूट व येणाऱ्यास १५,००० फूट अशी उंची नेमून दिली होती; म्हणजे दोहोंत अंतर १,००० फुटांचें, सुमारें ३०० मीटरांचें. समोरून विमान येत आहे अशी सूचनाही नियंत्रकानें येणाऱ्या विमानास दिली होती. परंतु दिल्लीस त्या वेळीं वापरांत असलेलें रडार पहिल्या जातीचें, मुके ठिपके दाखविणारें होतें. उंची सांगणारें दुसऱ्या जातीचें रडार अद्याप कामास लागलें नव्हतें. कझाक विमान आपली उंची सोडून खालीं घसरत आहे हें नियंत्रकास कळण्यास मार्गच नव्हता. हरियाणांतील चरखी दादरी गांवाच्या परिसरांत, ढगांच्या आड, दोन्ही विमानें आदळलीं. ३४९ माणसांपैकीं एकही वांचलें नाहीं.

न्यायमूर्ति लाहोटी यांच्या चौकशींत मुख्य दोष नेमलेली उंची सोडणाऱ्या कझाक विमानाकडे गेला, व तें यथायोग्यच होतें. परंतु आम्हांस येथें दुसरी गोष्ट दाखवावयाची आहे. त्या सायंकाळीं नियंत्रकापाशीं प्रत्यक्ष होतें, पण तें अपुरें होतें. शब्द होता, पण तो नुसता तोंडचा होता. ‘मी १५,००० फुटांवर आहें’ हें वैमानिकाचें वाक्य आणि विमानाची खरी उंची यांत पडलेलें अंतर मोजणारें तिसरें कोणीच तेथें नव्हतें. वैमानिक काय म्हणतो हें न विचारतां उंचीमापक यंत्राचा आंकडाच थेट खालीं कळता, तर कदाचित् वेळेवर हांक गेली असती.

दोन्ही विमानांवर धडक टाळण्याची सूचना देणारें यंत्रही नव्हतें. तें यंत्र आसपासच्या विमानांना स्वतःच हजेरी घेतल्याप्रमाणें प्रश्न विचारतें, त्यांच्या उत्तरांवरून अंतर व उंची काढतें, आणि धडक होईल असें दिसल्यास एका वैमानिकास ‘चढा’ व दुसऱ्यास ‘उतरा’ असें सांगतें. जमिनीवरील केंद्राची त्यास गरज लागत नाहीं. चरखी दादरीनंतर भारतांत येणाऱ्याजाणाऱ्या मोठ्या विमानांवर तें असलेंच पाहिजे असा नियम झाला. दिल्लीस नवें रडार सुरू झालें, आणि येण्याच्या व जाण्याच्या वाटाही वेगळ्या करण्यांत आल्या.

आतां आजच्या पद्धतीकडे वळूं. रडारची मान मोठ्या मार्गांवर साधारण १० ते १२ सेकंदांत एकदां फिरते. हा वेळ अल्प वाटेल; पण शाळेंतल्या त्रैराशिकानें हिशेब करून पाहावा. ताशीं ९०० किलोमीटर वेगानें जाणारें विमान एका सेकंदांत २५० मीटर जातें, म्हणजे १२ सेकंदांत ३ किलोमीटर. दोन विमानें समोरासमोर येत असतील तर तेवढ्यांत त्यांच्यामधील अंतर ६ किलोमीटरांनीं घटतें. शिवाय रडार उभारण्यास व चालविण्यास खर्च फार. डोंगराळ मुलखांत तें बसविणें कठीण, आणि समुद्राच्या मध्यावर अशक्यच. म्हणून विचार निघाला कीं, विमानास विचारीत बसण्यापेक्षां त्यानें स्वतःच दवंडी कां पिटूं नये?

या दवंडीच्या पद्धतीस एडीएस-बी असें आद्याक्षरी नांव आहे. त्याचा अर्थ : आपोआप होणारी, विमानाच्याच सांगण्यावर अवलंबून असलेली, आणि सर्वांस उद्देशून केलेली घोषणा. विमान प्रथम जी.पी.एस.सारख्या उपग्रहांच्या लहरींवरून आपलें अक्षांश व रेखांश काढतें. त्यास उंचीमापकावरील उंचीची जोड देतें. मग १०९० मेगाहर्ट्झच्या त्याच लहरीवर ही माहिती आकाशांत सोडून देतें. स्थान सेकंदास सुमारें दोन वेळां, वेग व दिशा तितक्याच वेळां, आणि आपलें उड्डाणाचें नांव कांहीं सेकंदांनीं एकदां. प्रत्येक संदेश शून्य व एक यांच्या अवघ्या ११२ चिन्हांचा असतो, व तो सांगून होण्यास एका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहून किंचित् अधिक वेळ लागतो. प्रत्येक संदेशांत विमानाचा स्वतःचा क्रमांक गोंवलेला असतो. तो २४ चिन्हांचा असल्यामुळें १ कोटी ६७ लक्ष ७७ हजारांवर क्रमांक होऊं शकतात, आणि आंतरराष्ट्रीय संघटनेनें त्यांचे गट देशोदेशीं वांटून दिले आहेत. दोन विमानांचें गोत्र एक असेल, पण क्रमांक एक असणार नाहीं.

दवंडी ऐकणारे दोन. एक जमिनीवरील केंद्र. त्याचें यंत्र रडारच्या मानानें लहान व स्वस्त असतें; फिरती मान नाहीं, नुसता एक दांडा. तें ऐकलेली माहिती नियंत्रकाच्या पडद्यावर धाडतें. तेथें ती रडारच्या ठिपक्यांशीं जुळवून एकच चित्र तयार होतें. दुसरा श्रोता म्हणजे जवळपासचें विमान, जर त्यावर ऐकण्याचें साधन असेल तर. म्हणजे पूर्वीं जें ज्ञान फक्त खालीं बसलेल्या नियंत्रकापाशीं होतें, तें वैमानिकालाही स्वतःच्या डोळ्यांसमोर दिसूं लागलें.

परंतु सर्वच विमानें दवंडी पिटत नाहींत. मग ऐकणाऱ्यास त्यांचा पत्ता कसा लागावा? यासाठीं अमेरिकेंत जमिनीवरील केंद्रास आणखी एक काम दिलें आहे. जें विमान स्वतः बोलत नाहीं पण रडारला दिसतें, त्याची माहिती केंद्र आपल्या तोंडानें वर सांगतें. शिवाय त्या देशांत लहान विमानांसाठीं ९७८ मेगाहर्ट्झची निराळी लहर आहे. एका लहरीवरच्याचें दुसऱ्या लहरीवरच्यास ऐकूं येत नाहीं. तेव्हां केंद्रच दुभाष्या होऊन एकाचें बोलणें दुसऱ्यास सांगतें. याच लहरीवरून वादळवाऱ्याची वर्दीही दिली जाते.

यांत एक मार्मिक अट आहे. केंद्र ही इतरांची माहिती सरसकट सगळ्या आकाशांत पसरीत नाहीं. जें विमान स्वतः दवंडी पिटत आहे, त्याच्याच भोंवतालच्या सुमारें १५ सागरी मैलांतील, म्हणजे २८ किलोमीटरांतील विमानांची ती असते. जो आपला ठिकाणा सांगतो त्यासच इतरांचा सांगितला जातो. एखादा वैमानिक नुसतें ऐकण्याचें स्वस्त यंत्र घेऊन बसला आणि स्वतः मुका राहिला, तर जवळच्या बोलत्या विमानासाठीं पाठविलेले कांहीं संदेश त्याच्याही कानीं पडतात, व आपणांस सर्व दिसत आहे असा त्याचा समज होतो. अर्धें चित्र पाहून तें पूर्ण आहे असें मानणें हें कोऱ्या पडद्याहूनही घातक. कारण कोऱ्या पडद्यापुढें माणूस निदान खिडकींतून बाहेर पाहतो.

या पद्धतीचा मोठा प्रयोग अमेरिकेच्या अलास्का प्रांतांत झाला. तेथें पुष्कळ गांवांस रस्ते नाहींत. टपाल, औषध व माणसें लहान विमानांनींच जातात, आणि कमी उंचीवर रडारची दृष्टि पोहोंचत नाहीं. १९९९ सालापासून तेथील बेथेल गांवाच्या बाजूस सरकारी खर्चानें लहान विमानांवर हीं यंत्रें बसविण्यास आरंभ झाला, आणि तेथील अनुभवावर पुढें साऱ्या देशाची योजना उभी राहिली. ऑस्ट्रेलियानें तर २००९ सालच्या अखेरीपर्यंत आपल्या विस्तीर्ण खंडाचें उंचावरील आकाश अशा केंद्रांनीं व्यापून टाकिलें. अमेरिकेनें बहुतेक गजबजलेल्या आकाशांत १ जानेवारी २०२० पासून ही दवंडी सक्तीची केली. भारतांतही विमानतळ प्राधिकरणानें ठिकठिकाणीं अशीं केंद्रें उभारलीं आहेत.

येथें कोणी म्हणेल, मग प्रश्न सुटला. नाहीं. अमेरिकेच्या त्या सक्तींत सांगणें आवश्यक होतें. ऐकणें आवश्यक नव्हतें. २९ जानेवारी २०२५ च्या रात्रीं वॉशिंग्टनच्या विमानतळापाशीं, पोटोमॅक नदीवर, उतरूं पाहणारें एक प्रवासी विमान आणि सैन्याचें एक हेलिकॉप्टर यांची धडक झाली आणि दोहोंतील मिळून ६७ माणसें मरण पावलीं. हेलिकॉप्टर रडारच्या प्रश्नांस उत्तरें देत होतें. पण त्याच्याकडून दवंडी पिटली जात नव्हती. प्रवासी विमानावर इतरांची दवंडी ऐकून नकाशावर दाखविणारें साधन नव्हतें. धडक टाळण्याचें जुनें यंत्र होतें व त्यानें सावधही केलें. परंतु जमिनीच्या इतक्या जवळ ‘चढा’ वा ‘उतरा’ हा आदेश तें मुद्दामच देत नाहीं. या दुर्घटनेस कारणें अनेक होतीं, आणि सर्व दोष एका यंत्रावर टाकणें अन्यायाचें होईल. तरी एवढें स्पष्ट आहे कीं, ज्या आकाशांत एकानें सांगितलें नाहीं व दुसऱ्यास ऐकण्याचें साधन नाहीं, तेथें उत्तम पद्धत कागदावर असून नसल्यासारखीच.

आतां त्या भगिनीच्या प्रश्नाकडे येऊं. एडीएस-बीची दवंडी उघडी असते, तींत गुप्त लिपि नाहीं; थोड्या खर्चाच्या यंत्रानें ती कोणासही ऐकतां येते. जगभर हौशी लोकांनीं आपल्या गच्च्यांवर अशीं यंत्रें बसविलीं असून मोबाइलवरील नकाशा मुख्यत्वें त्यांच्याच ऐकण्यावर चालतो. पण या लहरी सरळ रेषेंत जातात आणि पृथ्वी गोल आहे. ३५,००० फुटांवरील विमान जमिनीवरील यंत्रास फार तर ४०० किलोमीटरांच्या आसपास ऐकूं येतें. त्यापलीकडे तें क्षितिजाआड जातें. मुंबईहून मस्कत सुमारें १,५०० किलोमीटर. मधल्या पाण्यावर गच्ची कोणाची? म्हणून चिन्ह नाहींसें होतें, किंवा पूर्वीच्या वेगावरून अंदाजानें पुढें सरकविलें जातें. नाहींसें झालें तें विमान नव्हे, ऐकणारा.

नियंत्रकांचें मात्र अशा वेळीं दुर्लक्ष झालेलें नसतें. अरबी समुद्राचा फार मोठा भाग मुंबईच्या केंद्राच्या देखरेखीखालीं आहे. तेथील विमानांशीं लघुलहरींवरून बोलण्याची जुनी पद्धत अद्याप आहे. त्या लहरी आकाशाच्या वरच्या थरावरून परतून दूरवर पोहोंचतात. त्याशिवाय विमान व केंद्र यांच्यांत करार ठरून, नेमलेल्या अंतरानें विमान आपला ठिकाणा उपग्रहामार्फत आपोआप कळवितें. ही दवंडी नव्हे. हें एका विशिष्ट केंद्रास धाडलेलें पत्र होय. आणि २०१९ पासून आणखी एक सोय झाली. पृथ्वीभोंवतीं फिरणाऱ्या ६६ इरिडियम उपग्रहांवर दवंडी ऐकणारीं यंत्रें बसविलीं आहेत, व तीं महासागरावरील विमानांचीही घोषणा वरून ऐकतात. उत्तर अटलांटिक महासागरावर त्या वर्षापासून त्यांचा उपयोग होऊं लागला.

येथवर शब्दाचें माहात्म्य झालें. आतां त्याची मर्यादा. शब्द प्रमाण होण्यास सांगणारा आप्त असावा लागतो. आणि आप्तपणाचीं लक्षणें दोन : त्यास वस्तु यथार्थ माहीत असावी, व जें माहीत आहे तेंच सांगण्याची त्याची इच्छा असावी. विमान खोटें बोलूं इच्छीत नाहीं. पण त्यास स्वतःचाच ठिकाणा चुकीचा कळला तर? अलीकडच्या वर्षांत पूर्व भूमध्य समुद्र, बाल्टिक समुद्र अशा युद्धाची झळ लागलेल्या भागांत, आणि आपल्याकडे अमृतसर व जम्मूच्या बाजूसही, उपग्रहांच्या लहरी दडपण्याचे वा खोट्या लहरी सोडण्याचे प्रकार घडलेले आहेत. अशा वेळीं विमान मोठ्या प्रामाणिकपणें चुकीचें स्थान सांगतें. आणि दवंडी उघडी असल्यामुळें, नसलेल्या विमानाची खोटी दवंडी कोणी दुष्टानें पिटणेंही अशक्य नाहीं.

येथें तिसरें प्रमाण कामास येतें. बिनतारी लहर एका सेकंदाच्या दहा लक्षाव्या भागांत ३०० मीटर जाते. एकच दवंडी चार ठिकाणच्या केंद्रांनीं ऐकली, तर प्रत्येकाच्या कानीं ती किंचित् पुढेंमागें पडते. त्या फरकांवरून बोलणारा कोठें असला पाहिजे हें गणितानें काढतां येतें. तो काय म्हणतो याकडे पाहण्याचें कारण नाहीं. हें शुद्ध अनुमान होय. विमान म्हणतें मी अमुक जागीं आहें. गणित म्हणतें आवाज तमुक जागेहून आला. दोन्ही जुळलीं तर विश्वास, न जुळलीं तर सावधगिरी.

तिन्ही प्रमाणांचें स्थान दाखविणारें एक दुःखद उदाहरण सर्वांच्या स्मरणांत असेल. ८ मार्च २०१४ रोजीं मलेशियाचें एक विमान २३९ माणसांसह क्वालालंपूरहून बीजिंगकडे निघालें. पाऊण तासाच्या आंत त्याचें उत्तर देणारें यंत्र मुकें झालें, शब्द संपला. तरी सैन्याच्या जुन्या जातीच्या रडारवर ठिपका उमटत राहिला, आणि विमान मागें वळून पश्चिमेकडे गेलें हें त्यावरून समजलें, तें प्रत्यक्ष. त्यानंतर कित्येक तास एका उपग्रहाशीं त्याची तासातासानें केवळ यांत्रिक खूण होत राहिली, व त्या खुणांवरून तें दक्षिण हिंदी महासागरांत गेलें असावें असें शास्त्रज्ञांनीं ठरविलें, तें अनुमान. विमानाचे कांहीं तुकडे पुढें पश्चिम हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर वाहून आले. या प्रकरणानंतर आंतरराष्ट्रीय संघटनेनें नियम केला, आणि नोव्हेंबर २०१८ पासून समुद्रावरील मोठ्या प्रवासी विमानांचा ठिकाणा त्यांच्या कंपन्यांनीं निदान दर १५ मिनिटांनीं घेत राहावा असें ठरलें.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. दवंडीचें यंत्र स्वस्त, आणि रडार महाग. म्हणून ‘आतां रडार कशाला?’ असें विचारणारे हिशेबी लोक सर्व देशांत निघतील. त्यांचें सर्वस्वी ऐकूं नये. शब्द स्वस्त असतो याचें कारणच हें कीं, पडताळ्याचा खर्च त्यांत धरलेला नसतो. प्रत्येक विमानानें आपला ठिकाणा सांगावा. प्रत्येक विमानास इतरांचा ऐकण्याचें साधन असावें, सैन्याच्या विमानांनींही गजबजलेल्या वाटेवर मौन धरूं नये. आणि जमिनीवर निदान कांहीं डोळे असे असावेत कीं ज्यांस कोणाच्या सांगण्याची गरज नाहीं. सांगणें, ऐकणें व पडताळणें या तिहींपैकीं एक जरी गळलें तरी उरलेलीं दोन पुरीं पडत नाहींत.

घरांतील वडीलधाऱ्यांसाठीं एक व्यवहाराची सूचना करून हा लेख पुरा करितों. मोबाइलवरील नकाशा ही हौशी लोकांची देणगी आहे. तो नियंत्रकाचा पडदा नव्हे. विमान समुद्रावर वा वाळवंटावर असतां चिन्ह गेलें तर त्याचा कांहीं अर्थ लावूं नये. तें ज्या ठिकाणीं पुन्हां जमिनीजवळ येणार तेथील घड्याळाप्रमाणें वेळ मांडून ठेवावी, आणि उतरण्याच्या वेळेसाठीं विमानतळाच्या किंवा कंपनीच्या सूचनेवर भरंवसा ठेवावा. वृद्ध मातोश्रींस निजण्यापूर्वींच सांगून ठेवावें कीं, मध्यरात्रीं अमुक वाजतां चिन्ह नाहींसें होईल आणि अमुक वाजतां पुन्हां दिसेल. एवढें आधीं सांगितलेलें असलें म्हणजे त्यांस जागरण पडत नाहीं.